टॉर्टियाच्या वाट्या करण्याची सोपी कृती (पाहुणे वगळून)

हा पाठ नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोणाला म्हणायचं? ज्याने मोबाइलवर एका मिनिटाचा व्हिडिओ पाहिला आणि त्याच रात्री जेवताना, पुतणीच्या हळदीचे "स्टार्टर माझ्याकडे लागले" असं भर घरात जाहीर करून टाकलं, त्याला. आता माघार नाही. आत्याने ऐकलंय, म्हणजे गल्लीने ऐकलंय.

व्हिडिओत काम सोपं दिसतं. टॉर्टिया गोल कापायचा, मफिनच्या साच्यात दाबायचा, भाजायचा, भरायचा, द्यायचा. या पाचही क्रिया खऱ्याच आहेत. फक्त व्हिडिओतल्या ओट्यावर पाण्याचा पिंप, कुकर, मिक्सर आणि सल्ला देणारी माणसं नसतात. आणि वाटी भरल्या क्षणी ती उचलायला एक हात आपोआप पुढे येतो. आपल्याकडे, मुंबईच्या शीव कोळीवाड्यात, तो हात त्या वेळी कुर्ल्याला गाडीची वाट बघत उभा असतो. म्हणून या पाठात वाट्या करण्याचं काम आधी आटोपून घेतलं आहे आणि त्या हाताचा विचार शेवटी, सवडीने केला आहे.

पायरी १: पोळी निवडणे

टॉर्टिया मूळ मेक्सिकोचा आणि मूळ मक्याचा. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, भिजत ठेवून, मग वाटून त्याचं पीठ करतात. आपल्याकडच्या सुपरमार्केटात पाकिटातून मिळतो तो बहुधा गव्हाचा: मैदा, तेल, मीठ, जोडीला थोडी बेकिंग पावडर. तो लवचीक राहतो तो या तेलामुळे. परका पदार्थ म्हणून बुजू नका. मका आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीजांच्या काळात आपल्या किनाऱ्याला लागलेली. कोळी मसाल्यातून मिरची काढून टाकायला जो तयार असेल, त्यानेच टॉर्टियाला नावं ठेवावीत.

पाकीट महाग वाटलं तर घरची पोळी चालते, पण कुठली ते नीट ऐका. घडीची पोळी घेऊ नका. तिचे पदर भट्टीत सुटतात आणि वाटीला दुसरी वाटी फुटते. टम्म फुगलेला फुलकाही नको, त्याचं तेच होतं. घडी न घालता पातळ लाटलेली, कणकेत चमचाभर तेलाचं मोहन घातलेली, आदल्या रात्रीची पोळी उत्तम. ताज्या पोळीत पाणी फार असतं. भाजताना ते बाहेर पडेपर्यंत कड करपते आणि तळ मऊच राहतो.

तांदळाच्या भाकरीच्या नादी लागू नका. हा मोह कोळीवाड्यातल्या प्रत्येक नवशिक्याला होतो, कारण ती घरात आयती असते. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नाही. भाकरी गार झाली की वाकवताच मोडते, आणि कच्ची उकड साच्यात दाबून भाजली तर जे तयार होतं त्याने नारळ फोडता येईल. शिवाय हा प्रयोग आत्याच्या नजरेस पडला तर ती विचारणार, "भाकरीची वाटी कशाला गो? वाटीत कालवण असतं, भाकरी हातात असते." या युक्तिवादाला आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

पायरी २: जागा आणि वीज

ओटीजी म्हणजे तो छोटा विजेचा ओव्हन. तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या वहिनींकडे आहे. त्यांनी तो दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, नानकटाई केली, आणि आता त्यावर पेपरांची रद्दी ठेवली आहे. आणताना ट्रे, चिमटा आणि वायर तिन्ही मागून घ्या. एक तरी वस्तू मागे राहतेच आणि मग दुसऱ्या खेपेला चहा घ्यावा लागतो.

ओटीजी १२०० ते १६०० वॉटचा असतो. मोबाइल आणि मिक्सर जिथे लावता तो ६ अँपियरचा पॉइंट २३० व्होल्टवर जेमतेम १३८० वॉट झेलतो. म्हणून १६ अँपियरचा, जाड पिनेचा पॉइंट शोधा. बहुतेक घरांत तो एकच असतो आणि त्यावर गीझर किंवा वॉशिंग मशीन लागलेली असते. संध्याकाळी सहाला नवरीचा भाऊ आंघोळीला जाणार आणि तुम्ही भट्टी लावणार, ही वेळ जुळली की घरात अंधार. तेव्हा भट्टीची वेळ आंघोळींच्या यादीशी पडताळून घ्या. वाट्या सकाळीच करून ठेवणं यासाठीही शहाणपणाचं आहे.

ओव्हनच्या चारही बाजूंनी निदान वीतभर जागा मोकळी हवी. माळ्याच्या गाद्यांखाली, फ्रिजवर किंवा शिलाई मशीनच्या लाकडी फळीवर तो ठेवू नका. मग ठेवायचा कुठे, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक जण जमिनीवर ठेवतात आणि समोर पाटावर बसतात. ही पद्धत चांगली आहे, कारण वाट्यांवर सतत लक्ष राहतं. आणि त्यांना नेमकं तेच लागतं.

पायरी ३: साचा

मफिनचा ट्रे क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. घेण्याआधी ओव्हनचं तोंड मोजून न्या. बारा खळग्यांचा ट्रे छोट्या ओटीजीत जात नाही, सहाचा जातो. दुकानदार "जाईल, जाईल" म्हणेल. त्याने तुमचा ओव्हन पाहिलेला नाही.

ट्रे नको असेल तर घरातल्या स्टीलच्या वाट्या घ्या, चटणीच्या किंवा आमटीच्या. एकाच मापाच्या हव्यात. लग्नात आलेल्या, नाव कोरलेल्या वाट्या चालतात. उलट नाव आतून उठलं तर पाहुण्यांना वाचायला बरं.

तिसरा आणि नवशिक्यासाठी सगळ्यात सुखाचा साचा म्हणजे आप्पेपात्र. माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती हाकेवर असल्यामुळे ते या भागात मराठी घरांतही रुळलेलं आहे. त्याला ओव्हन लागत नाही, गॅसवर काम होतं, आणि वाटी एका घासाची होते. इडलीपात्राचा मोह टाळा. त्याचे खळगे उथळ. त्यातून निघते ती बशी, आणि बशीतलं सारण पाहुण्याच्या नव्या साडीवर जातं.

साचा उलटा घालूनही वाटी करता येते. धारावीत पापडवाल्या बायका लाटलेले पापड वेताच्या उलट्या टोपल्यांवर वाळत घालतात, ते पाहून या. पापड टोपलीवर जसा पडतो तसाच वाळतो. या विद्येचं मर्म तिथे उन्हात उघडं पडलेलं आहे: पातळ, ओलसर चकती ज्या आकारावर पाणी सोडते, तो आकार ती धरते. ओव्हनचं काम फक्त घाई करण्याचं.

पायरी ४: चकती कापणे

चकतीचा व्यास म्हणजे साच्याचा तळ आणि दोन्ही बाजूंची उंची. तळ ५ सेंटिमीटर आणि उंची ३ असेल तर चकती ११ सेंटिमीटरची. २५ सेंटिमीटरच्या मोठ्या टॉर्टियातून अशा तीन निघतात. २० सेंटिमीटरच्या मधल्या टॉर्टियातून ११ची एकच निघते. पण उथळ, २ सेंटिमीटर उंचीच्या वाटीवर भागवलं तर ९ सेंटिमीटरच्या तीन चकत्या होतात. पाहुणे साठ असतील आणि माणशी दोन वाट्या धरल्या तर हा हिशेब वहीत मांडा, तोंडी नको.

कापायला डब्याचं धारदार झाकण घ्या. पोळ्या एकावर एक रचून एकदम कापायचा प्रयत्न केल्यास वरची गोल होते आणि खालची चंद्रकोर.

कडेचे तुकडे फेकू नका. तेल, मीठ, तिखट चोळून त्याच भट्टीत कुरकुरीत भाजा आणि वेगळ्या डब्यात ठेवा. त्यांचा उपयोग पायरी ९ मध्ये येतो, आणि तो फार मोठा आहे.

पायरी ५: ऊब देणे आणि चुण्या घालणे

थंड पोळी साच्यात दाबली की चिरते. ओल्या फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये १५ ते २० सेकंद, किंवा तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद फिरवून फडक्याखाली ठेवा. शिळी पोळी अशी गरम केल्यावर परत मऊ होते, पण तेवढ्यापुरतीच. निवली की पुन्हा ताठरते. म्हणून चार-चार चकत्याच गरम करा. सगळ्या एकदम गरम करून फोन घ्यायला गेलात तर परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात.

दोन्ही बाजूंना ब्रशने तेलाचा हात फिरवा. तेल नसलेली वाटी भाजून कोरडी चामट होते. जास्त झालेलं तेल तळाशी साठतं आणि पाहुणा नंतर बोटं सोफ्याला पुसतो.

आता चकती साच्यात बसवा. मधोमध बोटाने दाबलं की कड आपोआप चार ठिकाणी उभी राहते. या चार चुण्या समान अंतरावर घ्या. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना बोटं जशी चालतात तशीच इथे चालवायची. फरक एवढाच की मोदकाचं तोंड शेवटी मिटायचं असतं आणि हिचं उघडं ठेवायचं. ज्यांना कळ्या येत नाहीत त्यांनी कडेपासून मध्याकडे बोटभर लांबीच्या चार चिरा द्याव्यात आणि पाकळ्या एकमेकींवर सरकवाव्यात. त्यात कमीपणा नाही. पाहुण्यांना ते फूल वाटतं.

भाजताना पोळी साच्यातून वर येऊ बघते. आत दुसरी छोटी स्टीलची वाटी ठेवा, किंवा कागद घालून मूठभर राजमा. हा राजमा नंतर शिजत नाही. तो वेगळ्या बरणीत ठेवून बरणीवर तसं लिहा. नाहीतर पुढच्या रविवारी कुकरच्या दहा शिट्ट्या होतील आणि दोष गॅसला दिला जाईल.

पायरी ६: भाजणे

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. वाट्या आत गेल्यावर सहाव्या मिनिटाला आतलं वजन काढा आणि पुढची तीन-चार मिनिटं नजर हटवू नका. कड सोनेरी दिसली म्हणून बाहेर काढू नका. कड नेहमी आधी होते. तळाला नखाने टिचकी मारा. आवाज बद्द आला तर आत अजून पाणी आहे, टणक आला तर झालं.

आप्पेपात्रात गॅस अगदी मंद हवा. झाकण ठेवू नका. झाकणाखाली वाफ धरते आणि वाटीचं धिरडं होतं. तळ रंगला की वाट्या बाहेर काढून तव्यावर पालथ्या घाला, म्हणजे कडही होते.

या वेळी स्वयंपाकघरात कोणीतरी येऊन "करपलं काय गो?" असं विचारेल. करपलेलं नसतं. भाजक्या पिठाचा वास आहे तो. तरी ओव्हन उघडून दाखवू नका. दर वेळी उघडल्यावर आतली ऊब जाते आणि पुढच्या माणसाला खरंच करपलेलं दाखवावं लागतं.

पायरी ७: निववणे आणि ठेवणे

वाट्या साच्यातच दोन-तीन मिनिटं राहू द्या. गरम असताना त्या अजून थोड्या नरम असतात. आकार पक्का होतो तो निवताना. मग जाळीवर काढा. गरम वाट्या डब्यात भरून झाकण लावणं हा या विषयातला सर्वात लोकप्रिय अपघात आहे. आतल्या वाफेने त्या तासाभरात पुन्हा पोळ्या होतात.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस टिकतात. जुलैच्या मुंबईत हवा डब्याच्या फटीवर टपून बसलेली असते. वाटी हातात घेतल्यावर जरा जरी वाकली तर १५० अंशांवर तीन-चार मिनिटं परत भाजा.

इथपर्यंत पोचलात तर कृती संपली. वाटी तुम्हाला येते. यानंतरचं सगळं तिला मोडू न देण्याबद्दल आहे.

पायरी ८: सारण

वाटीला पाण्याचं वावडं. कोरड्या सारणासह ती अर्धा-पाऊण तास उभी राहते. रसाचं सारण घातलंत तर दहा मिनिटांत तळ बसतो. या एका नियमावर सारणाची निवड करायची, चवीवर नंतर.

या कसोटीला उतरणारा पहिला पदार्थ कोळीवाड्यात आयता आहे: जवळ्याची सुकी चटणी. जवळा कोरडा भाजून, निवडून, झटपट धुऊन घट्ट पिळायचा. तेलात कांदा पार तांबूस होईपर्यंत परतायचा, लसूण, कोळी मसाला, दोन आमसुलं, मग जवळा. आणि पाण्याचा थेंब न घालता कढई कोरडी होईपर्यंत हलवत राहायचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या म्हावऱ्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांना कळू दे की या वाटीसाठी सुकं म्हावरंच सरस.

दुसरा पदार्थ कोळंबीचा. 'प्रॉन्स कोळीवाडा' म्हणून मुंबईबाहेरच्याही मेनूकार्डांवर जे छापतात, ते नाव याच कोळीवाड्याचं. पण पदार्थ कोळ्यांच्या चुलीवरचा नव्हे. फाळणीनंतर इथे पंजाबी निर्वासितांची वसाहत झाली, त्यांनी खाण्याची दुकानं काढली, आणि बेसन, ओवा, लाल तिखट लावून मासे तळायची आपली रीत इथल्या कोळंबीवर चालवली. कोळी घरात कोळंबी तळायची तर मसाला चोळून तांदळाच्या पिठात घोळवतात. दोन्ही पद्धती एकाच गल्लीच्या अंतरावर नांदल्या आणि नाव पत्त्याला मिळालं. तेव्हा मेक्सिकोच्या पोळीत पंजाबी पिठातली कोळंबी घालून तिला कोळीवाडा म्हणणं हा कोणावर अन्याय नाही. इथली रीतच ती आहे. फक्त कोळंबी तळून कागदावर निथळू द्या आणि चटणी वाटीत न घालता कोळंबीच्या डोक्यावर ठिपक्याएवढी ठेवा.

शाकाहारी वाटी वेगळी करावीच लागते. श्रावण, मार्गशीर्ष, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी यांतून सुटलेला दिवस आमंत्रणासाठी मिळाला, तरी आठ-दहा माणसं "आज नको" म्हणणारी निघतातच. त्यांच्यासाठी मटकीची उसळ, रस्सा अजिबात नाही, वर बारीक शेव. ओलाव्याची धास्ती वाटली तर आधी वाटीच्या आत किसलेलं चीज पसरून एक मिनिट ओव्हनमध्ये वितळवा. त्या चरबीच्या थरातून पाणी सहज पलीकडे जात नाही. कोशिंबीर, टोमॅटोचे तुकडे आणि दही यांना या वाटीपासून दूर ठेवा. त्यांच्यासाठी स्टीलची वाटी शोधलेली आहे.

शाकाहारी वाटीवर कोथिंबिरीचं पान, म्हावऱ्याच्या वाटीवर लिंबाची फोड, अशी खूण ठरवा आणि ती वाढणाऱ्या पोराला तोंडपाठ करायला लावा. हा नियम मोडला गेल्यास पुढचे सहा महिने त्याच विषयावर बोललं जातं.

पायरी ९: पाहुणे

आमंत्रणावर वेळ सायंकाळी ७ची असते. व्हिडिओ पाहिलेला नवशिका पावणेसातला वाट्या भरायला घेतो. सव्वासातला त्याच्यासमोर साठ भरलेल्या वाट्या आणि चार पाहुणे असतात. पावणेआठला त्या साठांचे तळ बसलेले असतात आणि पाहुणे तेच चार. म्हणून पाहुण्यांचे प्रकार तोंडपाठ करा.

*लवकर आलेले.* हे पाचलाच येतात. "मदत पाहिजे काय?" असं विचारून डब्याजवळ बसतात आणि कोऱ्या वाट्या एक-एक करून चाखतात. यांना अडवता येत नाही, वळवता येतं. पायरी ४ मध्ये जपून ठेवलेले कडेचे तुकडे इथे काढा. थोड्या चटणीबरोबर समोर ठेवले की वाट्यांचा डबा सुखरूप राहतो. ज्यांना आधीच ग्लास मिळालेला आहे त्यांच्याही चखण्याची सोय याच तुकड्यांत होते.

*वेळेवर आलेले.* ऑफिसातला एकच सहकारी, सात म्हणजे सातला. तो पंख्याखाली एकटा मोबाइल बघत बसतो. त्याला एकच वाटी भरून द्या. त्याच्या तोंडाचा आवाज ऐका. कुर्रकन वाजली तर वाट्या ठीक आहेत. त्याचं मत विचारू नका, तो "छान" म्हणणार.

*निघालेले.* हा सर्वात मोठा वर्ग. यातले काही हार्बरने येतात, ज्या स्टेशनला जुनी माणसं अजून कोळीवाडा म्हणतात आणि पाटीवर गुरू तेग बहादूर नगर लिहिलेलं असतं तिथे उतरतात. रविवारचा मेगाब्लॉक दुपारीच संपलेला असला तरी त्याची सबब रात्री आठपर्यंत चालते. शीव स्थानकाजवळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडून नवा बांधण्यासाठी वाहतुकीला बंद केला, तेव्हापासून पश्चिमेकडून गाडीने येणाऱ्यांनाही भरभक्कम कारण मिळालं. नवा पूल उभा राहिला तरी हे कारण पुढे काही वर्षं वापरात राहील, असं गृहीत धरून चाला.

यांच्या फोनवर विसंबून वाटी भरू नका. दाराबाहेरच्या चपला बघा. चपलांचा ढीग उंबऱ्याला टेकला की भरायला घ्या, आणि चपलांच्या जोड्या असतील तेवढ्याच वाट्या भरा. नवरीच्या मैत्रिणींच्या उंच टाचांच्या सँडल धरू नका. त्या घोळक्याने येतात, घोळक्याने फोटो काढतात आणि वाटी हातात धरून वीस मिनिटं फोटोच्या रांगेत उभ्या राहतात.

*हळदीनंतर खाऊ म्हणणारे.* मांडवात बायकांची ही मोठी फळी असते. नवरीला हळद लागेपर्यंत त्या तोंडात काही घालत नाहीत, आणि हळद लागली की सगळ्या एकाच मिनिटाला भुकेल्या होतात. तो क्षण बँजोवाल्याकडून कळतो. गाणी चढू लागली की अजून वेळ आहे. वाजवणारे घाम पुसायला थांबले की कढई गरम करा.

पायरी १०: मोठी युक्ती

आता ती गोष्ट, जी व्हिडिओवाल्याला ठाऊक नाही आणि शेवपुरीवाल्याला पाठ आहे. पुरी भरल्यावर थांबत नाही, हे मुंबईत रस्त्यावर बसणाऱ्या माणसाला केव्हाच उमगलं. म्हणून तो आधीपासून भरून ठेवत नाही. पुऱ्यांची पिशवी कोरडी, बंद. बटाटा वेगळा, चटण्या वेगळ्या, शेव वेगळी. गिऱ्हाईक उभं राहिलं की हात चालतो आणि भरलेली पुरी लगेच हातात येते. पाणीपुरीवाला तर पुढे गेला: तो एकेकच देतो आणि पुढची द्यायच्या आधी तुमचं तोंड रिकामं झालं का ते बघतो. भरल्यापासून खाईपर्यंतचा वेळ त्याने काही सेकंदांवर आणून ठेवला आहे. तुमची वाटी ज्या दहा मिनिटांत मोडते, ती दहा मिनिटं त्याच्या गाडीवर नसतातच.

तेव्हा भरलेल्या वाट्यांचं ताट फिरवायचा विचार सोडा. मांडवाच्या कडेला, पंख्याच्या वाऱ्यात शेव उडणार नाही अशा जागी एक टेबल लावा. मागे कोऱ्या वाट्यांचा बंद डबा. पुढे जवळा, कोळंबी, मटकी, तीन वेगळ्या डावांसह. मागे एक माणूस उभा करा, हाताला उरक असलेला. चुलतभाऊ नको, तो मित्रांत रमतो. सासूबाईंची धाकटी बहीण योग्य. ती वाढते, विचारते, कोणी दोनदा आलं तर ओळखते, आणि कोणी उपासाचा माणूस चुकून जवळ्याकडे वळला तर हात धरून मटकीकडे नेते.

सारण संपलं तर फक्त कोऱ्या वाट्या उरतात, बाकी काही अडत नाही, आणि वाट्या संपल्या तर सारण भाकरीबरोबर संपतं. याच क्रमाने नियोजन करा.

चाचणी

कार्यक्रम संपल्यावर टेबलाजवळ जा आणि डबे मोजा. डब्यात कोऱ्या वाट्या उरल्या असतील आणि भरलेली एकही उरली नसेल, तर तुम्ही उत्तीर्ण. कोणी वाटीची तारीफ केली नाही म्हणून खट्टू होऊ नका. ती मोडली नाही म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही. भरलेल्या वाट्या उरल्या असतील तर भाजण्यात काही चुकलेलं नाही. पायरी ९ पुन्हा वाचा, आणि पुढच्या आमंत्रणावर वेळ साडेआठची छापायला सांगा. माणसं तरीही दहालाच येतील, पण वाट्या दीड तास उशिरा भराल.